वावरात वीज पडते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोहिणीचं ऊन तापतं आणि मृगाच्या तोंडावर, दुपार कलली की आभाळ अंधारून येतं. नेमकी तीच पेरणीची घाई. पुढे सोयाबीन सोंगायला येतं तेव्हा परतीचा पाऊस असाच गरजत येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात देशभरात वीज पडून २,८८७ मृत्यू नोंदले गेले. यातले बरेच मृत्यू टळण्यासारखे असतात. वीज थांबवता येत नाही, पण ती माणसापर्यंत कोणत्या वाटेनं येते हे ठाऊक असलं की त्या वाटेतून बाजूला होता येतं. विदर्भात गावोगावी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

ढगात वीज तयार कशी होते?

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तापलेली हवा वर उठते. तिच्यात समुद्राकडून आलेला दमटपणा मिसळला की ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत जातो. त्याचा तळ जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर, तर माथा १२ ते १५ किलोमीटरवर असतो. साधारण ५ किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं. तिथे बर्फाचे बारीक कण, मऊ गारा आणि गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब एकत्र घुसळले जातात.

खरी गोष्ट घडते ती या घुसळणीत. उणे १० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात हलके बर्फकण जड गारांवर आपटतात आणि आपटताना विद्युतभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हलके कण धन भार घेऊन वर जातात, गारा ऋण भार घेऊन ढगाच्या मधल्या-खालच्या भागात राहतात. ढगाखालच्या जमिनीवर याच्या उलट, म्हणजे धन भार गोळा होतो. मधली हवा हा ताण काही वेळ पेलते. पेलवेनासा झाला की वीज होते. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच चमकतात, थोड्या जमिनीपर्यंत येतात.

ती खाली येताना जागा कशी निवडते?

आपल्याला ती एका झटक्यात आलेली दिसते, पण प्रत्यक्षात टप्प्याटप्प्यानं उतरते. ढगातून निघालेला ऋण भाराचा अंधूक धागा साधारण ५० मीटरची उडी घेतो, क्षणभर थांबतो, पुन्हा उडी घेतो, फांद्या फोडत येतो. वरून येताना खाली काय आहे याचा त्याला पत्ता नसतो. तो जमिनीच्या शंभरेक मीटर जवळ आला की खालच्या उंच, टोकदार वस्तूंमधून धन भाराच्या ठिणग्या वर झेपावतात. झाडाचा शेंडा, मोबाईल टॉवर, देवळाचा कळस, विजेचा खांब, आणि मोकळ्या वावरात उभ्या माणसाचं डोकंसुद्धा. यातली जी ठिणगी आधी भिडली, तिची वाट पक्की होते.

मग त्या वाटेनं मुख्य प्रवाह धावतो, साधारण ३०,००० ॲम्पिअरचा. घरातला मोठा फ्यूज १५-२० ॲम्पिअरला उडतो, यावरून अंदाज यावा. ही वाट जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाडीची असते, पण तिच्यातली हवा ३०,००० अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास पाचपट. तापून फाटलेल्या या हवेचा आवाज म्हणजे गडगडाट. एकाच वाटेनं प्रवाह तीन-चारदा धावतो, म्हणून वीज लुकलुकल्यासारखी दिसते.

बाजूला उंच टॉवर असेल तर आपण वाचतो का?

नाही. शेवटच्या शंभरेक मीटरमध्येच जागा ठरत असल्यामुळे २०० मीटर दूरच्या टॉवरचा तुम्हाला काही उपयोग नाही. गुडघाभर पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तुम्हीच सर्वांत उंच असता. आणि एकदा पडलेल्या जागी वीज पुन्हा पडत नाही ही समजूतही खोटी आहे. उंच टॉवरवर ती वर्षात अनेकदा पडते.

वीज माणसाला नेमकी कशी लागते?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘डोक्यावर वीज कोसळली’ असं चित्र असतं. पण थेट अंगावर वीज पडण्याचं प्रमाण शंभरात तीन ते पाच इतकंच. इतक्याच जणांना ती हातात धरलेल्या किंवा टेकलेल्या वस्तूतून लागते, म्हणजे कुंपणाची तार, पाण्याचा लोखंडी पाइप, भिंतीतला नळ.

शंभरातल्या तीसेक जणांना ती बाजूनं लागते. आधी झाडावर किंवा खांबावर पडते आणि तिथून शेजारच्या माणसावर उडी मारते. आणखी दहा-पंधरा जणांना, शेजारी वीज पडत असताना त्यांच्याच अंगातून वर झेपावलेल्या ठिणगीनं इजा होते.

उरलेले निम्म्याहून अधिक लोक जमिनीतून आलेल्या प्रवाहानं दगावतात किंवा जखमी होतात. वीज जमिनीत शिरली की तळ्यात दगड टाकल्यावर तरंग पसरावेत तशी चहूबाजूंनी पसरते. पडल्या जागेजवळ दाब जास्त, दूर कमी. तुमचा एक पाय जवळ आणि एक दूर असेल, तर दोन पायांखालच्या दाबात फरक पडतो आणि त्या फरकानं प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. पाय जितके फाकलेले, तितका झटका मोठा. एका झाडाखाली थांबलेल्या सहा-सात बाया एकाच वेळी कोसळतात, त्यामागे हेच कारण असतं. मुरमाड आणि खडकाळ जमिनीत वीज खोल मुरत नाही, पृष्ठभागावरूनच लांबवर पळते, म्हणून बरड वावरात हा धोका अधिक.

झाडाखाली थांबू नका असं सगळेच सांगतात. मग पावसात भिजत राहायचं का?

हो. भिजल्यानं सर्दी होईल, झाडाखाली जीव जाईल. धुऱ्यावरचा एकटा कडुनिंब, आंबा किंवा मोह ही वावरातली सर्वांत उंच वस्तू असते. वीज त्याच्यावर पडते, पण लाकडातून तिला नीट वाट मिळत नाही. माणसाच्या अंगात पाणी आणि क्षार असल्यानं शरीर लाकडापेक्षा चांगलं वाहक आहे. त्यामुळे खोडावरून उतरणारी वीज माणसाच्या उंचीशी आली की खोड सोडून माणसात उडी घेते. जी वाचते ती मुळांवाटे पसरते आणि पायाखाली येते. म्हणजे झाडाखाली दोन वाटांनी धोका. एकट्या झाडापासून त्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेल्यांना झाडं टाळता येत नाहीत. तिथे उंच सागाच्या किंवा मोहाच्या बुंध्याशी न थांबता, सारख्या उंचीच्या ठेंगण्या झाडोऱ्यात, खोडांपासून दूर आणि एकमेकांपासून अंतर ठेवून थांबावं. टेकडीचा माथा आणि जंगलाची कड टाळावी. हे सुरक्षित नाही, फक्त कमी वाईट आहे.

वावरातून कधी निघायचं?

वीज चमकली की मोजायला लागा. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद गेले तर वीज १० किलोमीटरवर आहे, आणि ढगातून इतक्या अंतरावर वीज सहज पडू शकते. म्हणून ३० किंवा त्याहून कमी सेकंद आले की तुम्ही आधीच आसऱ्याला पोहोचलेले हवेत. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं थांबून मगच बाहेर पडायचं. पाऊस उघडला, ऊन पडलं तरीही. सरत्या ढगाच्या कडेची वीज फसवी असते.

आता हिशेब करा. वावर गावापासून दोन किलोमीटर, म्हणजे पायी २५ मिनिटं. ढग ताशी ३० किलोमीटरनं सरकत असेल तर १० किलोमीटर तो २० मिनिटांत कापतो. म्हणजे तेवढ्या अंतरावरचा गडगडाट ऐकून निघालात तर ढग वाटेतच गाठणार. बैलबंडी जुंपायची असेल तर आणखी उशीर. ज्यांचं वावर लांब आहे त्यांनी आवाजाची वाट न पाहता ढगाचा काळा तळ आणि गार वारा दिसताच डवरणं-निंदणं सोडावं. एक तास उरलेला असतो, तेवढी ओळ काढून घेऊ असं वाटतं, आणि घात तिथेच होतो. बायामाणसं रोजानं लावली असतील तर काम थांबवण्याचा शब्द वावराच्या मालकानं आधी द्यायला हवा. रोज कापला जाईल या भीतीनं मजूर स्वतःहून उठत नाहीत.

‘दामिनी’ ॲप कितपत उपयोगी?

चांगलंच उपयोगी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ते केलं आहे. देशभर बसवलेले संवेदक विजेच्या लहरी टिपतात आणि गेल्या काही मिनिटांत तुमच्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात कुठे वीज पडली ते नकाशावर दिसतं. फोनचं लोकेशन सुरू हवं आणि नेटवर्क हवं. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात रेंज नसते, तिथे गावातल्या एकानं रेंजच्या जागी पाहून इतरांना कळवायची सोय आधीच ठरवावी. सकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा बघा. पिवळा किंवा नारंगी असेल तर लांबच्या वावरातलं काम सकाळीच उरकून घ्या, कारण आपल्याकडे विजांचा जोर बहुधा दुपारी दोननंतर असतो.

कुठे थांबलं तर सुरक्षित?

स्लॅबचं पक्कं घर, शाळा, ग्रामपंचायत. भिंतीतल्या सळया आणि वायरिंग प्रवाह जमिनीत नेतात. एसटी बस किंवा बंद काचांची जीप-कारही चालते, कारण वीज धातूच्या टपावरून बाहेरच्या बाहेर उतरते. आत बसून दाराच्या धातूला हात लावू नका. ट्रॅक्टर, मोटारसायकल, बैलबंडी आणि कापडी टपाची ऑटो यांचा काहीच उपयोग नाही.

वावरातली खोपडी, मचाण, प्रवासी निवारा आणि चारही बाजूंनी उघडं टिनाचं शेड पावसापासून वाचवतात, विजेपासून नाही. पक्क्या घरातही ओसरीत, दारात, खिडकीशी थांबू नका. नळाखाली भांडी घासणं, अंघोळ, चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलणं टाळा. टीव्ही, फ्रिज, कूलरचे प्लग गडगडाटाआधी काढा. डोक्यावर वीज असताना प्लगला हात लावू नका.

जवळ काहीच आसरा नसेल तर?

आडवं पडू नका, धावपळीत झाडाकडे वळू नका. डोक्यावरचा भारा, खांद्यावरचं टिकास किंवा फवारणीचा पंप खाली ठेवा. बांधीतल्या पाण्यातून बाहेर या. धानाच्या रोवणीत पाय पाण्यात असतात आणि पाणी प्रवाह पसरवतं. घोळका असेल तर एकमेकांपासून १५ मीटर तरी दूर व्हा, म्हणजे वीज पडलीच तर सगळे एकदम सापडणार नाहीत आणि मदतीला कुणीतरी उरेल. मग पक्क्या आसऱ्याकडे चालत राहा.

अंगावरचे केस उभे राहिले, तारेतून गुणगुण आली, तर वीज अगदी डोक्यावर आहे. तेव्हा दोन्ही पाय जुळवून, टाचा चिकटवून उकिडवं बसा, डोकं खाली, कान हातांनी झाकलेले. हात जमिनीला टेकवू नका. यानं धोका थोडा कमी होतो, संपत नाही. म्हणून लांबून गडगडाट ऐकू येतो आहे तेव्हा बसून राहण्यात वेळ घालवू नका, चाला.

रबरी चप्पल घातली तर?

काही फरक पडत नाही. काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला अर्धा इंच रबर काय अडवणार?

मोबाईल, दागिने, विळा यांनी वीज ओढली जाते का?

नाही. वीज उंची आणि आकार बघते, धातूचा तुकडा नाही. खिशातला मोबाईल धोक्याचा नाही, उलट मदतीसाठी लागतो. मात्र वीज लागलीच तर गळसरी, जोडवी, पाटल्या यांच्या खाली कातडी भाजते. उघडलेली छत्री किंवा खांद्यावरचं फावडं तुमची उंची वाढवतं, म्हणून ते वाईट.

पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, खरं का?

खोटं. जन्माला येताना आधी पाय आले की डोकं, याचा विजेशी काहीही संबंध नाही. या समजुतीपायी पायाळू मुलांना वावरात नेत नाहीत आणि बाकीची मुलं झाडाखाली बिनधास्त उभी राहतात, हे अधिक धोक्याचं.

ढोरं एकदम चार-पाच कशी मरतात?

वर सांगितलेल्या जमिनीतल्या प्रवाहामुळे. गाई-बैलांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरच्या आसपास अंतर असतं, म्हणून झटका माणसापेक्षा कितीतरी मोठा बसतो. शिवाय पुढच्या पायातून मागच्या पायात जाणारा प्रवाह थेट छातीतून जातो. माणसात पायातून पायात जाताना हृदय बरंचसं बाजूला राहतं. त्यामुळे एकाच झाडाखाली गुराखी बेशुद्ध होतो आणि गाई मरतात.

आभाळ भरलं की ढोरं झाडाखाली गोळा होतात. गुराख्यानं त्यांना सखल, मोकळ्या जागेकडे हाकावं आणि स्वतः कळपापासून दूर राहावं. बैल झाडाला किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नयेत. लोखंडी साखळीऐवजी दावं वापरावं.

तारेचं कुंपण, झटका मशीन, मोटारपंप यांचं काय?

रानडुकरांसाठी लावलेली तार अर्धा-अर्धा किलोमीटर सलग जाते. एका टोकाला वीज पडली तर दुसऱ्या टोकाला हात लावलेल्या माणसाला झटका बसतो. मोटारपंपाचं तसंच: विजेच्या तारेतून आणि लोखंडी पाइपातून लाट पेटीपर्यंत येते. गडगडाट सुरू असताना स्टार्टरला हात लावू नका आणि विहिरीच्या काठावर थांबू नका. झटका मशीन आणि पंप आधीच मुख्य स्विचवरून तोडून ठेवावेत, नाहीतर मोटार जळते.

वीज लागलेल्या माणसाला हात लावता येतो का? पहिलं काय करायचं?

लगेच हात लावा. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. या भीतीनं गेलेली पाच मिनिटं सर्वांत महाग पडतात. वीज लागलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण वाचू शकतात. जे जातात ते बहुतेक हृदय किंवा श्वास बंद पडल्यानं जातात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. विजेच्या धक्क्यानं हृदय क्षणभर थांबतं, पण अनेकदा स्वतःहून पुन्हा सुरू होतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र मात्र जास्त वेळ सुन्न राहतं. श्वास मिळाला नाही तर प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबतं, आणि ते मग सुरू होत नाही. म्हणून इथे तोंडानं श्वास देण्याला फार महत्त्व आहे.

१. वीज अजून चमकत असेल तर त्याला झाडाखालून बाजूला न्या. दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा.
२. हलवून हाक मारा, छाती हलते का बघा. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नका.
३. श्वास नसेल तर पाठीवर, कडक जमिनीवर झोपवा. छातीच्या मधोमध तळहात ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा.
४. ३० दाबांनंतर हनुवटी वर उचला, नाक दाबा, तोंडाला तोंड लावून दोन श्वास द्या. छाती उचलली गेली पाहिजे.
५. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. थकलात तर दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

एकाच वेळी बरेच जण पडले असतील तर जे कण्हताहेत, ओरडताहेत ते सहसा जगतात. आधी निपचित पडलेल्याकडे धावा. इतर अपघातांत याच्या उलट करतात, म्हणून हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

शेणात किंवा उकिरड्यात गाडायची रीत आपल्याकडे अजून आहे. त्यानं अंगातली वीज उतरत नाही, कारण ती अंगात नसतेच. छातीवर शेणाचं ओझं येतं, श्वास देता येत नाही, भाजल्या जागी जंतू शिरतात आणि हाताशी असलेला वेळ निघून जातो.

शुद्धीवर आला, चालायला लागला. तरी दवाखान्यात न्यायचं?

न्यायचंच. हृदयाचा आलेख काढून घ्यावा लागतो. कानाचे पडदे फाटलेले असू शकतात. पाय निळसर, गार आणि लुळे पडले असतील तर घाबरू नका, ही ताकद बहुधा काही तासांत परत येते. कातडीवर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटते, तीही एक-दोन दिवसांत जाते. गरोदर बाई असेल तर पोटातल्या बाळाची तपासणी त्याच दिवशी व्हावी.

पुढच्या महिन्यांत विसराळूपणा, झोप उडणं, चिडचिड, हातापायांत मुंग्या आणि सततचं दुखणं राहू शकतं. मोतीबिंदू काही दिवसांत किंवा महिन्यांनीही होऊ शकतो. घरच्यांना वाटतं माणूस कामचुकारपणा करतो आहे किंवा बाहेरची बाधा झाली आहे. हा मज्जासंस्थेला झालेला मार आहे, त्याला उपचार लागतो.

घरावर किंवा शाळेवर वीज अटकाव यंत्र बसवायचं तर काय बघावं?

त्याचे तीन भाग असतात: छतावरची उभी टोकदार काडी, तिथून खाली येणारी पट्टी आणि जमिनीतला अर्थिंगचा खड्डा. काडी वीज ‘ओढून’ आणत नाही. जवळ आलेली वीज आपल्यावर घेते आणि जमिनीत नेते. तांब्याची २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड पट्टी चांगली. एका इमारतीला किमान दोन बाजूंनी दोन पट्ट्या उतरवाव्यात आणि त्या सरळ असाव्यात. काटकोनात वळवली तर वीज वळणावर पट्टी सोडून भिंतीत शिरते.

बिघाड बहुधा खड्ड्यात होतो. आपली काळी जमीन पावसात उत्तम वाहक, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्यात पुरलेल्या सळईपासून सुटते. नेमक्या मृगाआधीच्या विजांच्या काळात अर्थिंग निकामी असतं. सळई अडीच-तीन मीटर खोल जायला हवी आणि रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, १० ओहमच्या आत हवा. दरवर्षी मे महिन्यात तो मीटरनं मोजून घ्या. खड्ड्यात पाणी टाकत राहा. गंजलेले नट-बोल्ट बदला. घराच्या विजेचं अर्थिंग आणि हे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून एकमेकांना जोडून घ्या, नाहीतर वीज एकातून दुसऱ्यात घरातून उडी मारते.

साध्या काडीचं संरक्षण ढोबळमानानं तिच्या उंचीइतक्याच अंतरापर्यंत असतं. जमिनीपासून १० मीटर उंच टोक असेल तर भोवतीचे सुमारे १० मीटर. एका यंत्रानं अख्खं गाव सुरक्षित होतं असं कुणी सांगत असेल तर ग्रामपंचायतीनं पैसे देऊ नयेत.

मृत्यू झाला किंवा जनावर दगावलं तर मदत मिळते का?

मिळते. महाराष्ट्रात वीज पडून माणूस गेला तर वारसाला ४ लाख रुपये सानुग्रह मदत आहे. त्यासाठी शवविच्छेदन अहवाल अत्यावश्यक. दुःखात लोक परस्पर अंत्यसंस्कार करून टाकतात आणि मग काहीच सिद्ध करता येत नाही. आधी पोलीस पाटील आणि तलाठ्याला कळवा, पोलीस ठाण्यात नोंद करा, पंचनामा होऊ द्या. नंतर वारसाचा पुरावा, आधार आणि बँक पासबुक घेऊन तहसील कार्यालयात अर्ज द्या.

जनावराच्या बाबतीत पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं शवविच्छेदन करेपर्यंत ते पुरू नका. कानातला बिल्ला काढू नका, झाडासकट जागेचा फोटो घ्या. २०२२ च्या आपत्ती निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये असे दर होते. निकष बदलत राहतात, म्हणून चालू दर तहसीलमध्ये विचारून घ्या.